पानाची अब्रू

"मजकूर पोचला ना? मग झालं तर!"

हे वाक्य ज्या महाभागाने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मी ओळखत नाही, पण त्याचे वंशज मला रोज भेटतात. ते वर्डमध्ये पत्र टाइप करतात, त्याची पीडीएफ करतात, किंवा करत नाहीत, किंवा वाटेवरच्या कुणाला तरी करायला सांगतात, आणि पाठवून मोकळे होतात. आपल्या हाती पडेपर्यंत त्या पत्राची अवस्था एस.टी.च्या टपावरून कोकणातून आलेल्या फणसासारखी झालेली असते. समास कुठल्या कुठे गेलेला, तक्ता अर्धा ह्या पानावर नि अर्धा त्या पानावर, शीर्षक एका पानाच्या तळाशी एकटंच उभं आणि त्याचा परिच्छेद पुढच्या पानावर. जरा तक्रार करावी तर उत्तर ठरलेलं, "अहो, मजकूर पोचला ना?"

मला आज ह्या मंडळींशी भांडायचं आहे. माझं म्हणणं सोपं आहे. पानावरची मांडणी हाही मजकूरच असतो, आणि तो मुक्कामापर्यंत शाबूत पोचवणं हे पाठवणाऱ्याचं काम आहे. घेणाऱ्याच्या नशिबावर ते सोडून चालणार नाही.

ज्यांना हे म्हणणं पटत नसेल त्यांनी लग्नाची पत्रिका डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात मजकूर असा असतो कितीसा? चार नावं, एक तिथी, एक मुहूर्त, एक कार्यालय. बाकी सगळी मांडणी! कुणाचं नाव वरच्या ओळीत आणि कुणाचं खालच्या, ह्यावर दोन घराण्यांच्या निम्म्या बैठका खर्ची पडलेल्या असतात. आता अशी पत्रिका एखाद्या हौशी काकांनी वर्डमध्ये केली आहे आणि वधूची बाजू नि वराची बाजू स्पेसबार दाबदाबून समोरासमोर आणली आहे असं समजा. काकांच्या पडद्यावर सगळं सोळा आणे. पण पीडीएफ झाली दुसऱ्याच संगणकावर. तिथे काकांचा फॉन्ट नव्हता. त्याच्या जागी जो आला तो अंगाने जरा रुंद. झालं! ओळ मोडली, 'चि. सौ. कां.' ही पदवी वरच्या ओळीच्या टोकाला लटकत राहिली आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला आलं वराच्या मामांचं नाव. शब्द एकही गळलेला नाही. काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी. फक्त मामा चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी झाले. 'मजकूर पोचला ना' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य एकदा ह्या मामांसमोर जाऊन म्हणून दाखवावं.

असं का होतं? तर वर्डच्या फाइलमध्ये पान नसतंच! पडद्यावर दिसतं तो भास. फाइलमध्ये असतो मजकूर आणि त्यासोबत काही सूचना. अक्षर अमुक फॉन्टचं, बारा पॉइंटचं, समास एवढा, दोन ओळींत अंतर तेवढं. ओळ कुठे मोडायची आणि पान कुठे संपवायचं हे, आपण मुद्दाम सांगितलं नसेल तर, फाइल उघडणारा संगणक आपल्या घरची परिस्थिती पाहून दर वेळी नव्याने ठरवतो. थोडक्यात, वर्डची फाइल म्हणजे पाककृती. तुम्ही लिहून पाठवलंत, 'दोन वाट्या जाड पोहे घ्या.' समोरच्याच्या डब्यात पोहे नाहीत. शहाणा माणूस वाण्याकडे जाईल. संगणक वाण्याकडे जात नाही. तो गुपचूप साबुदाणा घालतो आणि ताट पुढे सरकवतो, वर तक्रारीचं अवाक्षर काढत नाही.

पीडीएफ म्हणजे वाढलेलं ताट. कुठलं अक्षर पानावर डावीकडून किती अंतरावर आणि खालून किती उंचीवर बसलं आहे हे तिच्यात नोंदलेलं असतं आणि लागणारा फॉन्ट, निदान त्यातली वापरलेली अक्षरं, सोबत बांधून देता येतात. प्रवासाला निघताना आई डब्यात पोळीभाजीबरोबर लोणच्याची फोडसुद्धा घालून देते, तसं. जॉन वॉरनॉक नावाच्या गृहस्थांनी १९९१ साली ह्याच दुखण्यावर एक टिपण लिहिलं. कुठल्याही यंत्रावर तयार झालेला कागद कुठल्याही यंत्रावर तसाच दिसावा आणि तसाच छापला जावा, ही त्यातली कल्पना. त्यातून १९९३ साली ॲडोबी कंपनीची पीडीएफ जन्माला आली आणि २००८ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. वॉरनॉकसाहेब २०२३ साली गेले. तीस वर्षांत जगाने त्यांची पीडीएफ स्वीकारली. ती कशासाठी होती तेवढं मात्र आपण विसरलो.

पीडीएफ ही गोठवते, सुधारत नाही. तिला जन्म देणाऱ्या संगणकाला पान जसं दिसलं तसं ती कायमचं करून टाकते. बिघडलेलं ताटही ती तितक्याच निष्ठेने गोठवते. म्हणून पीडीएफ कोण करतो, कुठल्या संगणकावर करतो आणि झाल्यावर ती उघडून पाहतो की नाही, ह्यावर सगळा खेळ आहे. आणि आपल्याकडे नेमका हाच शेवटचा खेळ कुणी खेळत नाही.

आता एक खरी गोष्ट सांगतो. एका गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेपूर्वीची. चिटणीस सज्जन, हिशेब चोख. त्यांनी घरी बसून सभासदांच्या थकबाकीची यादी वर्डमध्ये केली. डावीकडे नावं, उजवीकडे रकमा. केली म्हणजे कशी, तर दोनच मोठे चौकोन आखले आणि डावीकडच्यात एकाखाली एक नावं लिहीत एंटर, एंटर, एंटर. उजवीकडच्यात एकाखाली एक आकडे लिहीत एंटर, एंटर, एंटर. नावाला आकड्याशी बांधणारी गाठ कुठेच नाही. नवराबायकोची केवळ समोरासमोरच्या खिडक्यांतून ओळख असावी तशातला प्रकार. मग ती फाइल नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. त्याच्याकडे फॉन्ट निराळा. यादीतलं एक लांबलचक दुहेरी आडनाव एका ओळीत मावेना, ते दोन ओळींत गेलं. त्याबरोबर त्याच्याखालची सगळी नावं एकेक पायरी खाली उतरली. आकडे मात्र निगरगट्टपणे आपल्या जागी उभे. परिणाम असा की तिथून पुढे प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या खालच्या माणसाची रक्कम आली.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. इमारत झाल्यापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरून पावती घेणारा माणूस. त्यांच्यासमोर खरं म्हणजे शून्य. सूचनाफलकावर मात्र त्यांच्या नावासमोर अठरा हजार चारशे रुपये! सकाळी दूध आणायला उतरलेले गुरुजी फलकासमोर उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात जिन्यावरून दोन बिऱ्हाडं उतरली, त्यांनीही वाचलं आणि गुरुजींकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते न पाहणं फार वाईट असतं. गुरुजी वर गेले आणि पावत्यांची फाइल घेऊन खाली आले, आणि दुपारपर्यंत फलकाजवळच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पावत्या दाखवत राहिले. ज्यांना दाखवायची गरज नव्हती त्यांनाही.

चिटणीसांना सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले असतील? "अहो, आकडे सगळे बरोबर आहेत. फक्त जरा खाली-वर झालंय."

खरंच होतं त्यांचं. आकडे सगळे बरोबर होते, नावंही सगळी बरोबर होती. फक्त माणसं चुकली होती.

संध्याकाळी नवी यादी लागली. सभेत दिलगिरीही व्यक्त झाली. पण गुरुजी त्या दिवसापासून पावती घेतल्यावर तिची एक प्रत फलकालाही लावतात. कुणी मागितलेली नसताना. मांडणी म्हणजे केवळ नटवेपणा असं म्हणणाऱ्यांना मी ती प्रत दाखवतो.

बरं, चिटणीस एकटे नाहीत. ह्या शास्त्रात अनेक पंथ आहेत. पहिला स्पेसबारपंथ. हे लोक तारीख उजवीकडे न्यायची तर स्पेसबार चाळीस वेळा दाबतात आणि नवं पान हवं तर एंटर बावीस वेळा. नवं पान काढायची सोय एका कळीवर असते हे त्यांना सांगावं तर "असंही होतंच की" म्हणतात. दुसरा संकेतस्थळपंथ. स्वतःच्या वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' खाली पीडीएफ असताना हे लोक फाइल कुठल्या तरी फुकट संकेतस्थळावर चढवतात. २००३ सालीच ओपनऑफिस ह्या फुकट कार्यक्रमात पीडीएफ काढायची सोय होती, वर्डमध्येही ती २००९ पासून आयती मिळते, तरी ह्यांचा नेम चुकत नाही. तिकडच्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट असेलच असं नाही. शिवाय आपलं मृत्युपत्र, पॅनकार्डाचा क्रमांक आणि मुलीची पत्रिका आपण कुणाच्या घरी ठेवून आलो, हे विचारायचं नाही! तिसरा छायाचित्रपंथ. ते वर्डचं पत्र छापतात, टेबलावर ठेवून मोबाइलने त्याचा फोटो काढतात आणि त्या फोटोची पीडीएफ करतात. ह्यात मांडणी टिकते हे कबूल, पण सोबत टेबलक्लॉथची नक्षी, चहाच्या कपाचं वर्तुळ आणि पाठवणाऱ्याचा अंगठाही टिकतो.

चौथा पंथ दिसायला निरुपद्रवी आणि खरा घातकी. तो कागदाचं माप बघत नाही. आपला ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. अमेरिकेतला लेटर कागद २१६ बाय २७९ चा, म्हणजे उंचीला अठरा मिलिमीटर कमी. फाइल लेटरवर गेली की तळच्या तीनचार ओळी पुढच्या पानावर जातात. आणि अर्जात तळाला काय असतं? 'आपला विश्वासू' आणि सही. म्हणजे पहिल्या पानावर सगळा मजकूर, पण सही नाही, आणि दुसऱ्या पानावर सही आहे, पण तिच्या डोक्यावर मजकूर नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. इथे ती संगणक आपल्या वतीने करवून घेतो. त्या दुसऱ्या पानाला पुढे कुठलं पहिलं पान जोडलं जाईल, ह्याचा भरवसा कोण देणार?

आपल्या पूर्वजांना ही भीती नीट ठाऊक होती. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की लगेच मर्यादामुद्रा उमटवत. इथे लेखन संपलं, ह्यापुढे कुणी एक अक्षर घुसडायचं नाही. मांडणी हा पुराव्याचा भाग असतो हे ज्यांना तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं त्यांचे आपण वारस, आणि आपण म्हणतो, 'सही काय, दुसऱ्या पानावर आहे, बघून घ्या!' आणि अक्षराच्या फेरफाराने काय होतं हे तर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्याबद्दलची 'ध चा मा'ची आख्यायिका खरी मानावी की खोटी हे इतिहासकार बघतील. पण त्या आख्यायिकेतसुद्धा आनंदीबाईंना निदान लेखणी हातात घ्यावी लागली होती. आज ध चा मा आपोआप होतो, आणि करणारा म्हणतो, 'माझ्याकडे बरोबर दिसतंय.'

मराठीचं दुखणं तर इंग्रजीहून दुप्पट आहे. इंग्रजी अक्षरं शाळेच्या प्रार्थनेसारखी एका रांगेत उभी. आपली अक्षरं एकत्र कुटुंबातली. कुणी कुणाच्या डोक्यावर, कुणी पायाशी. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि बसते मात्र पुढच्या बाकावर. शिसाच्या खिळ्यांच्या काळात हा संसार जुळाऱ्याच्या बोटांवर चाले. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या सुबक टायपाचं नाव आजही घेतलं जातं. कारण प्रत्येक जोडाक्षर कुणीतरी डोळ्यांनी पाहून, हाताने बसवलेलं होतं. पुढे संगणक आले आणि सुरुवातीच्या मराठी फॉन्टांनी एक आडवाट काढली. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रं नेऊन बसवली. प्रत्येक कंपनीची घरवाटणी निराळी! त्यामुळे तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की आपलं सुंदर पत्र उघडल्यावर रोमन अक्षरांचा चिवडा. युनिकोडने प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचं घर दिलं. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी ह्यांनी. कवी, सुलेखनकार, आपला माणूस.

पण घर मिळालं म्हणून चेहरा राहतोच असं नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवताना देठाचा श आणि पाकळीचा ल स्वीकारला. फॉन्ट बदलला की ल ची पाकळी जाऊन काठी येते आणि आपलं पत्र परमुलखातून आल्यासारखं दिसतं. त्याहून गंमत ऱ्या ची. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' ह्यांत जो फरक आहे, तो कधीकधी एका अदृश्य जोडखुणेवर उभा असतो. एका संगणकातून दुसऱ्यात जाताना ती खूण गळली की आचाऱ्याला ठरवलेली बिदागी आचार्यांना जाते. आचार्य तक्रार करणार नाहीत, पण संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?

ह्यावर कुणी सुशिक्षित वाचक म्हणेल, "पीडीएफ एवढी थोर, तर तिच्यातलं मराठी उचलून दुसरीकडे ठेवलं की त्याची खिचडी का होते?" मुद्दा रास्त आहे. पीडीएफला मुळात चेहऱ्याची काळजी. ह्या चित्राचं अक्षर कोणतं, ह्याची एक सूची तिच्यासोबत असावी लागते. मराठीत वेलांट्यांच्या उलटापालटीमुळे ती बरेचदा चुकते आणि मग पानावर 'किरण' स्वच्छ दिसत असताना आत शोधलं तर किरण सापडत नाही. डोळसांचं काम भागतं, पण जो अंध माणूस यंत्राकडून पान वाचून घेतो त्याच्या कानावर भलतंच पडतं. त्याला पानाची अब्रू नाही का? म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. चेहराही राहिला पाहिजे आणि आवाजही. हे सुधारणं कार्यक्रम करणाऱ्या कंपन्यांचं काम आहे, आणि मराठी गिऱ्हाईक ओरडत नाही तोवर त्या ते मनावर घेणार नाहीत. आपण वाण्याकडे एक खडा निघाला तर तांदूळ परत करतो. इथे सबंध वेलांट्या गिळून आपण गप्प बसतो.

दुसरा आक्षेप असा की पीडीएफमध्ये दुरुस्ती करता येत नाही. कबूल! दोघांनी मिळून मसुदा करायचा असेल तर वर्डच पाठवा. शिजत असताना पातेलंच चुलीवर हवं. पण वाढायची वेळ झाल्यावर पातेलं पाहुण्याच्या अंगावर ओतायचं नसतं. 'अंतिम प्रत वर्डमध्येच पाठवा' असा हट्ट धरणाऱ्या कचेऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, म्हणजे पुढची निम्मी पत्रं वाचतील.

मी मागतो ते काही फार नाही. तक्ता हवा तर तक्ताच आखा, प्रत्येक नावाला त्याच्या रकमेशेजारची घरटी द्या. नवं पान हवं तर पेज ब्रेक द्या. शीर्षक नुसतं जाड करू नका, त्याला शीर्षकाची शैली लावा. म्हणजे ते शीर्षक आहे हे यंत्रालाही कळतं आणि ते आपल्या परिच्छेदाला सोडून जात नाही. कागद ए-४ आहे ना, बघा. जिथे टाइप केलं त्याच संगणकावर पीडीएफ काढा. कायम ठेवायचा कागद असेल तर पर्यायांत पीडीएफ/ए हा प्रकार निवडा. २००५ साली जतनासाठीच ठरवलेला हा प्रकार फॉन्ट सोबत घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत महत्त्वाचं, झालेली पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडून शेवटच्या ओळीपर्यंत पाहा. ह्याला दोन मिनिटं लागतात. गुरुजींना बाकावर सहा तास लागले होते.

ह्याउपरही जे 'मजकूर पोचला ना?' म्हणतील त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. एवढंच विचारीन, "पोचला हो. पण कुणाच्या नावावर?"